बारशाच्या आसपास देशभरचा कापूस

आदिलाबादच्या मार्केट यार्डात दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या लागतात. ट्रॅक्टर, पिकअप, मधूनच एखादी बैलगाडी. वर ताडपत्री, आत पांढराशुभ्र ढीग आणि काट्याशी भावावरून चाललेली घासाघीस. आता कल्पना करा, हा सगळा माल एका बाळाला विकत घ्यायचा आहे. बाळ म्हणजे कालच जन्मलेले, दुपट्यात गुंडाळलेले, मानही न धरणारे. हसू नका. पैसे त्याच्याकडे आहेत. किती, ते मोजू या.

हार्वर्ड विद्यापीठाचे बालविकास केंद्र सांगते, की आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या होतात. दर सेकंदाला! त्या कोणी आणि कशा मोजल्या हे मला विचारू नका. मोजणीचे काम मेंदूवाल्यांचे, गुणाकार आपला. सेकंदाला दहा लाख म्हणजे मिनिटाला सहा कोटी. तासाला ३६० कोटी. दिवसाला ८,६४० कोटी.

एका जोडणीचा एक रुपया धरा आणि चला यार्डात. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. म्हणजे बाळ दर सेकंदाला १३३ क्विंटल कापूस उचलते. बैलगाडीत दहा क्विंटल बसतो म्हटले तर सेकंदाला तेरा बैलगाड्या. काटेवाल्याने पावती फाडायला हात उचलला, तेरा गाड्या गेल्या. फाडली, आणखी तेरा. त्याने पेन शोधेपर्यंत यार्ड रिकामे.

यार्ड संपले म्हणून बाळ थांबत नाही. साऱ्या देशात वर्षाला तीनशे लाख गाठींच्या आसपास कापूस होतो. एक गाठ १७० किलो रुईची, आणि तेवढ्या रुईला साधारण तिप्पट कापूस लागतो. गुणाकार केला की सव्वापंधरा कोटींवर क्विंटल आणि हमीभावाने एक लाख १५ हजार कोटी रुपये. विदर्भ, मराठवाडा, खानदेश, आदिलाबाद, गुजरात, पंजाब, सगळे धरून. आता ८,६४० कोटींनी भागा. उत्तर येते तेरा दिवस आणि काही तास. बाराव्या दिवशी बारसे झाले, घुगऱ्या वाटल्या, पाहुणे आपापल्या गावी पोचतात न पोचतात, तोच देशातला शेवटचा क्विंटल बाळाच्या नावावर. आणि त्या नावाला अजून तीन दिवसही झालेले नाहीत!

रुपयांत मन रमत नसेल तर ज्वारी घ्या. ज्वारीचे हजार दाणे साधारण तीस ग्रॅम भरतात. एका जोडणीला एक दाणा दिला, तर सेकंदाला तीस किलो. मिनिटाला अठरा क्विंटल. दिवसाला २,५९२ टन. आता रेल्वेच्या धान्यगाडीकडे बघा, बेचाळीस बंद वाघिणींची ती लांबलचक गाडी. तिच्यात मावते सुमारे २,६०० टन. म्हणजे एका बाळाला रोज एक अख्खी मालगाडी. सोमवारी एक, मंगळवारी एक, रविवारीही सुटी नाही.

त्या गाड्या एकामागे एक उभ्या करू. एक गाडी सहाशे मीटरच्या थोडी वर. वर्षाच्या ३६५ गाड्यांची रांग सव्वादोनशे किलोमीटर. मुंबईच्या सीएसएमटीला पहिले इंजिन लावले, तर रांग कर्जत ओलांडते, खंडाळ्याचा घाट चढते, पुणे स्टेशन मागे टाकते आणि दौंडच्या दिशेने आणखी तीसेक किलोमीटर जाते. हे पहिल्या वाढदिवसाला. केक अजून कापायचा आहे.

आता मुद्द्यावर येतो. एवढ्या गाड्या भरायच्या तर माल हवा. बाळाच्या मेंदूतल्या जोडण्या त्याला जे दिसते, ऐकू येते, स्पर्शाने कळते, त्याच्यावर पोसतात. वापरातल्या टिकतात, बिनवापराच्या पुढे गळून पडतात. आणि कानातून जाणाऱ्या मालात सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दाट माल कोणता? मांडीवर बाळ आणि हातात पुस्तक घेऊन मोठ्याने वाचणे. बाळाला काही कळत नसताना! अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली आपल्या डॉक्टरांना सांगितले, की मुलांना वाचून दाखवा हे आईबापांना अगदी तान्हेपणापासून सांगत जा. लस, वजन आणि पुस्तक, एकाच दमात.

पुस्तक म्हणजे केवढे? जाड पुठ्ठ्याच्या पानांचे, तान्ह्यांचे इंग्रजी पुस्तक घेतले तर त्यात सरासरी १४० शब्द असतात. एवढेसे. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या जेसिका लोगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये मुलांच्या पुस्तकांतले शब्द मोजले आणि पाच वर्षांचा हिशेब मांडला. ज्या घरात जवळजवळ कधीच वाचले जात नाही, तिथल्या मुलाच्या कानावर पाच वर्षांत पुस्तकातले ४,६६२ शब्द पडतात. रोज एक पुस्तक वाचले तर २,९६,६६०. रोज पाच वाचली तर १४,८३,३००.

हे आकडे नुसते वाचले तर घसरून जातात. पाण्यात ओतून बघू. एक शब्द म्हणजे एक लिटर. आपल्याकडची वीस फूट व्यासाची विहीर, पाणी चाळीस फूट, म्हणजे साडेतीन लाख लिटरच्या थोडे वर. पहिल्या घरात पाच वर्षांत जमले ४,६६२ लिटर. उन्हाळ्यात गावात येतो तो पाच हजारांचा लहान टँकरही भरला नाही! दुसऱ्या घरात विहिरीला तेहतीस फूट पाणी, वरचे सात फूटच रिकामे. आणि तिसऱ्या घरात? एक विहीर काठोकाठ. दुसरी काठोकाठ. तिसरी. चौथी. तरी उरले ते न्यायला दहा-बारा टँकर बोलवावे लागतील. एकीकडे न भरलेला टँकर, दुसरीकडे चार विहिरी, आणि दोन्ही घरांतली बाळे एकाच दवाखान्यात, एकाच दिवशी जन्मलेली असू शकतात.

(शब्दांचा याहून गाजलेला हिशेब १९९५ चा, हार्ट आणि रिस्ली यांचा. चार वर्षांच्या वयापर्यंत सुस्थितीतल्या आणि गरीब घरांतल्या मुलांच्या कानावरच्या शब्दांत तीन कोटींचा फरक पडतो, असे त्यांनी मांडले. आकडा डोळे फिरवणारा खरा, पण तो उभा आहे बेचाळीस कुटुंबांवर, आणि त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. ज्या अंगणात आजी, दोन काकू, शेजारीण आणि चार पोरे एका वेळी बोलत असतात, तिथे त्यांनी कोणते यंत्र लावले असते कोण जाणे. मी आपला विहिरींवर थांबतो.)

रोज पाच पुस्तके म्हटल्यावर घरातली माणसे घड्याळाकडे बघतात. बघू द्या. १४० शब्दांची पाच, म्हणजे सातशे शब्द. मिनिटाला शंभर या आरामाच्या चालीने वाचले, मध्ये चित्रातली मांजर दाखवली, बाळाच्या तोंडातून पुस्तकाचा कोपरा सोडवला, तरी पंधरा मिनिटांत आटोपते. कोपरा सोडवायला लागतोच. चार-पाच महिन्यांचे बाळ पुस्तक आधी चाखते. जाड पुठ्ठ्याची पाने, गोल कापलेले कोपरे, पुसता येणारा गुळगुळीत कागद, हे सगळे त्या लाळेसाठी. आणि अगदी नवजात असेल तर त्याला स्पष्ट दिसते ते वीतभर-सव्वा वीत अंतरावरचे. मांडीवर घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा आणि उघडे पुस्तक साधारण तेवढ्यावरच येतात. पांढऱ्यावर काळे ठळक चित्र असले की नजर तिथे चिकटते, क्षणभर थांबते, मग आईच्या हलणाऱ्या ओठांवर जाते.

रोज पंधरा मिनिटे म्हणजे वर्षाला ९१ तास. मुंबई-पुणे बसला साडेतीन तास लागतात असे धरा. ९१ तासांत सव्वीस खेपा होतात, अंतर ३,९०० किलोमीटर. आदिलाबादवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत पावणेचार हजार किलोमीटर. म्हणजे रोज पंधरा मिनिटे वाचत वाचत निघालो, तर बाळ वर्षाचे होईतो आपण काश्मीरातून निघून, पैनगंगेचा पूल ओलांडून, आदिलाबादला चहा घेऊन थेट कन्याकुमारीच्या समुद्रात!

खर्च? पन्नास रुपयांचे एक अशी बारा पुस्तके, सहाशे रुपये. रोज पाच वाचली तर वर्षाला १,८२५ वाचने. एका वाचनाला तेहतीस पैसे. दहा रुपयांच्या कटिंगमध्ये तीस गोष्टी. आणि तीच ती पुस्तके परत परत का, असे बाळ विचारत नाही. उलट त्याला तीच हवी असतात. कंटाळतो तो वाचणारा.

बाळ काही ऐकत नसेल, या शंकेलाही आकड्यांनी उत्तर आहे. गर्भातल्या बाळाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू येऊ लागते. (इथे अभिमन्यू येणार हे तुम्ही ओळखलेच असेल. म्हणून तो आणत नाही.) १९८६ साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांनी गरोदर बायकांना शेवटचे सहा आठवडे रोज दोनदा एक ठरलेली गोष्ट मोठ्याने वाचायला सांगितली. एकही वेळ न चुकता वाचली तर ८४ वाचने. जन्मल्यानंतर बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि चोखण्याच्या लयीवरून त्यांना गोष्ट निवडण्याची सोय करून दिली. जेमतेम दोन-तीन दिवसांची बाळे, आणि त्यांनी पोटात ऐकलेली गोष्ट निवडली. दुसऱ्या बाईच्या आवाजात लावली तरीही तीच! डोळे नीट उघडले नाहीत, पण हे पुस्तक वाचून झाले आहे, हे ठाऊक.

आता आदिलाबादचा खरा ऐवज काढतो. जगातल्या साऱ्या भाषांत मिळून सुमारे ६०० व्यंजने आणि २०० स्वर आहेत, असे ध्वनिशास्त्रवाले सांगतात. बहुतेक भाषा त्यातले मोजकेच घेऊन संसार करतात. नवजात बाळ मात्र या साऱ्या दुकानाचे गिऱ्हाईक. १९८४ मध्ये कॅनडात वर्कर आणि टीज यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक सरळ ओळखता आला. दहा-बारा महिन्यांच्यांना जवळजवळ नाही. जे आपल्या घरात ऐकू येत नाही, त्याची दारे वर्षाच्या आत लोटली जातात.

आदिलाबादच्या घरात किती दारे उघडी राहतात, पाहा. आजी मराठीत बोलते, कारण १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते आणि सोयरीक सरहद्द बघून होत नाही. अंगणवाडीच्या टीचर तेलुगूत बोलतात. भाजीवाला दखनी उर्दूत ओरडतो. बाजारच्या दिवशी गोंडी आणि कोलामी कानावर पडते, तांड्यावरची बंजारा बोली पडते. सहा भाषा, बाळ पाळण्यात! श्रीमंत घरांतले लोक पोराला दुसरी भाषा यावी म्हणून शिकवणीला हजारो मोजतात, आणि इथे ती खिडकीतून फुकट येते.

पुस्तकाची गोष्ट तेवढी फुकट नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी बोलणारे आठ कोटी ३० लाख. गोंडी बोलणारे जवळपास तीस लाख. बावीस डब्यांच्या, डब्याला ७२ बर्थ असलेल्या गाड्यांत बसवले तर गोंडी बोलणाऱ्यांना एक हजार नऊशेच्या आसपास गाड्या लागतील. एवढ्या गाड्या भरून माणसे, आणि तान्ह्याला वाचून दाखवायला गोंडीतली पुस्तके शोधायला बसावे लागते. जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांनी मारलवाईत गोंड मुलांसाठी शाळा सुरू केल्या, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके छापली ती देवनागरीत, कारण वाचता येणारे जे थोडे गोंड हाताशी होते ते मराठी शिकलेले होते. गुंजाळा गावात तर गोंडीच्या स्वतःच्या लिपीतली हस्तलिखिते सापडली आणि २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये गेली. आता मोबाइलवर उमटू शकेल. चित्रांचे पुस्तक छापले की झाले.

वाट अशक्य नाही, हेही आकडेच सांगतात. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर हे गोष्टींचे संकेतस्थळ सुरू केले तेव्हा त्यावर २४ भाषांत आठशे गोष्टी होत्या. आज भाषाच तीनशेच्या वर गेल्या आहेत. इंग्लंडात बर्मिंगहॅमला १९९२ साली तीनशे बाळांना पुस्तकांच्या पिशव्या दिल्या आणि बुकस्टार्ट उभे राहिले. अमेरिकेत डॉली पार्टन या गायिकेने १९९५ मध्ये आपल्या गावाकडच्या मुलांना घरपोच पुस्तके पाठवायला घेतली. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या पुस्तकांनी वीस कोटींचा टप्पा कधीच ओलांडला. पुस्तक पाव मीटर लांब धरून वीस कोटी पुस्तके जमिनीवर मांडली, तर पन्नास हजार किलोमीटर. महामार्ग ४४ तेरा वेळा!

पैनगंगेचा पूल ओलांडून यवतमाळात गेले, की याच जातीचे काम सापडते. महाराष्ट्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना, युनिसेफ आणि सेवाग्रामची वैद्यकीय संस्था यांनी मिळून तीन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी 'आरंभ' उपक्रम चालवला, तो आधी यवतमाळ आणि औरंगाबाद या जिल्ह्यांत. अंगणवाडीत पालक मेळावा भरतो. आईबापांना, आजीआजोबांना सांगतात की बाळाशी बोला, गाणी म्हणा, चित्रे दाखवा, घरातल्याच वस्तूंची खेळणी करा. २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'नवचेतना' हा आराखडा काढला: ३६ महिने, १४० कृती. माझे मत विचाराल तर यातल्या पुस्तकांचा वाटा बराच वाढायला हवा. वाचता न येणाऱ्या आजीलाही चित्रांचे पुस्तक पुरते. चित्रावर बोट ठेवून ती जे बोलेल ते बाळाच्या कानाला सारखेच.

आणि खर्चाचे तर बोलूच नका. देशात अंगणवाड्या सुमारे चौदा लाख. प्रत्येकीला पन्नास रुपयांची दहा पुस्तके द्यायची तर सत्तर कोटी रुपये. सत्तर कोटी! ऐकायला डोंगर. आता सुरुवातीचे आपले बाळ आठवा, सेकंदाला दहा लाखांचे मालक. त्याला हे सत्तर कोटी जमवायला सातशे सेकंद लागतात. बारा मिनिटांच्या आत. पंधरा मिनिटांचे वाचन संपायच्या आधी मांडीवरच्या एका बाळाने देशभरच्या अंगणवाड्यांची पुस्तके घेऊन वर तीन मिनिटे शिल्लक ठेवली!

आता सगळी बाळे एकत्र करू आणि मग थांबू. भारतात वर्षाला सुमारे दोन कोटी ३० लाख बाळे जन्मतात. दिवसाला ६३ हजार, मिनिटाला ४४. आपल्या बावीस डब्यांच्या गाडीत बर्थला एक निजवले तर रोज चाळीस गाड्या भरून बाळे. तीन वर्षांची झाली की त्यांतली काही आईच्या कडेवर बसून अक्षराभ्यासाला बासरच्या सरस्वतीकडे येतील, पाटीवर पहिले अक्षर गिरवतील. तोवर त्यांतल्या एकेकाच्या नावावर ज्वारीच्या हजारावर मालगाड्या जमलेल्या असतील, पावणेसातशे किलोमीटरची रांग, मुंबईहून निघून नांदेड ओलांडून त्याच बासरच्या वाटेवर.

वाचनाचे बघू. आजच्या आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या मोजणीने सात लाखांच्या वर. हजारी सतरा जन्म धरले तर वर्षाला बारा हजार बाळे. प्रत्येकाला रोज पंधरा मिनिटे वाचून दाखवले, तर एकट्या या जिल्ह्यात रोज तीन हजार तास वाचन होईल. म्हणजे एका दिवसात सव्वाशे दिवसांचे वाचन. आणि साऱ्या देशात? दोन कोटी ३० लाख बाळे, पंधरा पंधरा मिनिटे. साडेचौतीस कोटी मिनिटे. साडेसत्तावन्न लाख तास. दोन लाख चाळीस हजार दिवस. वर्षांत सांगतो: ६५६. एका दिवसात ६५६ वर्षांचे वाचन! एकट्या माणसाला तेवढे वाचायचे तर त्याने बहमनी सुलतानांच्या काळात पुस्तक उघडायला हवे होते. न जेवता, न झोपता, पाणीसुद्धा न पिता वाचत राहिला असता, तर शेवटचे पान आज संध्याकाळी उलटले असते. आणि उद्या सकाळी पुन्हा ६५६ वर्षे तयार. परवा पुन्हा.

हे झाले पंधरा मिनिटांचे. अर्धा तास वाचायचे ठरवले, तर त्या गृहस्थाला बदामीच्या चालुक्यांच्या दरबारातून उठवून आणावे लागेल.